प्रयोगशाळेतला म्हातारा

रविवार, सकाळ

ताई,

नमस्कार. तू मजेत असशील असं लिहायची पद्धत आहे. पण तू मजेत नाहीयेस हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं कारण मी आहे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे.

सरळ सांगतो. गुरुवारी शाळा पाडायच्या आधी तुझ्या किड्याला आतमध्ये ज्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला, तो म्हातारा मी होतो.

परत लिहितो, कारण माझं पहिलं वाक्य तू कधीच खरं धरत नाहीस. तो म्हातारा मी. तुझा धाकटा भाऊ. आवाज बदलून. ढिगाऱ्याखाली कोणी नाही. कोणी मेलं नाही, कोणी दबलं नाही. तिथे विटा आहेत, चुना आहे आणि आमच्या वर्गाचा फळा आहे, आणि तो आम्ही होतो तेव्हाच मेलेला होता. तू आधी जा, किड्याला एवढं सांग, पोटात काहीतरी घाल त्याच्या, आणि मग येऊन पुढचं वाच.

आलीस?

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि एकदा उचललास तेव्हा मला हसू फुटलं. तू म्हणालीस, "माझं पोर मरता मरता वाचलं आणि तू दात काढतोस?" आणि ठेवलास. ताई, मी हसत नव्हतो गं. मला भीती वाटली की असंच होतं. दाढ काढताना सुद्धा हसलो होतो, आठवतंय ना, डॉक्टर म्हणाला होता याला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या. कागदावर हसू ऐकू येत नाही, म्हणून कागद, आजच तुझ्या दाराखालून सरकवतो. शुद्धलेखन बघू नकोस.

काल आईने सगळं सांगितलं. किडा जेवत नाही. शाळेत जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो आणि मधेच विचारतो, "त्या आजोबांना चप्पल सापडली असेल का गं?" भाऊजींनी समजावलं म्हणे, की बाळा, तू सापडल्यावर मुकादमने सगळी इमारत पुन्हा शोधली, खोली न् खोली, कोणी नव्हतं. तर तुझा पोरगा म्हणाला, "पहिल्यांदा पण शोधली होती. तेव्हा मी तरी कुठे सापडलो?"

नववीतलं पोर आहे आणि वकिलाला घाम फोडेल. उगाच नाही आपण त्याला किडा म्हणत.

त्या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्याकडे. पण आधी बाकीचं सांगू दे, ते ओघात येईल.

याची सुरुवात झाली मालकाच्या डोक्यात. आमच्या मालकाला एकच दुःख आहे, पोरं मिळत नाहीत. दर आठवड्याला तोच पाढा. "सगळ्यांना बांधायचंय. पाडायचं कोणालाच नाही. अरे, जुनं पाडल्याशिवाय नवं बांधणार कुठे? डोक्यावर?" मग माझ्याकडे बघतो, जणू मीच बाकीच्यांना येऊ देत नाही. आमच्या टोळीत माझ्यानंतर लहान कोण, तर मशीनवाली बाई, आणि तिला नातू आहे.

आणि घरी तुम्ही लोक! आई शेजाऱ्यांना सांगते, "बांधकामात आहे." भाऊजी सांगतात, "साइटवर असतो." जसा काही मी दारूच्या गुत्त्यावर असतो. पाडकामात आहे म्हणायला कोणाची जीभ उचलत नाही. मागे ती मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तूच म्हणालीस ना, "धुळीचं काही बोलू नकोस"? मी बोललो नाही. पण उठताना खुर्चीवर माझा छाप राहिला, पांढरा. त्याला मी काय करू?

तर आमच्या जुन्या शाळेचं पाडकाम मालकाला मिळालं. नवी इमारत मागे तयार, जुनी रिकामी. मोठ्या बाईंनी मालकाला म्हटलं, मुलांना दाखवता येईल का, करिअर मार्गदर्शन होईल. मालक हरखला. धावत आला माझ्याकडे.

"भोंग्या, तू भाषण करायचंस. तू त्याच शाळेतला."

साइटवर मला भोंगा म्हणतात, आवाजावरून. मी म्हटलं, "मालक, त्या शाळेने मला काढलं होतं."

"मग तर तूच कर. काढलेल्याचंही भलं होतं हे कळू दे पोरांना."

माझं भलं झालंय हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

मोठ्या बाईंनी भाषण लिहूनच ठेवलं होतं. दोन्ही बाजूंनी. "विद्यार्थी मित्रहो, विध्वंसाच्या गर्भातच नवनिर्मितीचे बीज दडलेले असते." मी म्हटलं, "बाई, हे मी म्हणालो तर ते मलाच दडपतील." त्या म्हणाल्या, "पाडकाम हा शब्द नको. निष्कासन म्हण. निष्कासन क्षेत्रातील संधी." मी ‘निष्कासन’ म्हणायचा सराव केला. मशीनवालीने ऐकलं आणि विचारलं, "सर्दी झाली काय रे?"

आणि मालकाने शर्ट दिला. पांढरा. पाडकामवाल्याला पांढरा शर्ट! खिशावर कंपनीचं नाव. फोटो निघणार होते म्हणे, मुलांबरोबर. "डाग पडू देऊ नकोस, भोंग्या. दुसरा नाही." ताई, हा शर्ट लक्षात ठेव.

भाषण कसं झालं ते किड्याने तुला सांगितलंच असेल. नसेल तर मी सांगतो, लाज गेलीच आहे. नव्या इमारतीसमोर पोरं रांगेत उन्हात उभी. पहिलं वाक्य वाचलं, मागून कोणीतरी जांभई दिली, मोठ्याने, आवाज काढून. मी ती जांभई ओळखली. त्या जागी उभा राहून मीच तशी द्यायचो. दुसऱ्या वाक्यात अडखळलो. तिसऱ्यात एका पोराने हात वर केला.

"काका, बॉम्ब लावता का?"

काका! मी तेवीस वर्षांचा आहे.

"नाही लावत."

"मग उडवता कशाने?"

"उडवत नाही. वरून खाली, हळूहळू उतरवतो."

सगळी रांग एकदम ढिली पडली, चाकातली हवा गेल्यासारखी. एक जण म्हणाला, "म्हणजे हमालीच की." पोरं हसली. बाई हसू दाबत होत्या. मालक माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

मी कागद खिशात घातला. म्हटलं, हमाली तर हमाली, ऐका. भिंत कशी बोलते ते सांगितलं. बोटाच्या टोकाने ठोकायचं, पोकळ बोलली तर नुसती आडोशाची, गप्प राहिली तर तिच्या डोक्यावर छप्पर आहे, तिला शेवटी हात लावायचा. गप्प माणसं सांभाळून घ्यायची, घरातही तसंच असतं, म्हटलं. त्यावर बाई सुद्धा हसल्या. मग सांगितलं, की आम्ही खिडक्या अख्ख्या काढतो, लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, विटा साफ करून वेगळ्या, आणि त्याच विटा दुसरीकडे भिंत होऊन उभ्या राहतात. बांधणाऱ्याला फक्त घर कसं उभं राहतं ते कळतं. आम्हाला ते का उभं राहिलं होतं ते कळतं. पुढच्या एका मुलीने विचारलं, "मुलींना घेतात का?" मी मशीनवालीकडे बोट दाखवलं. ती मशीनवरून ओरडली, "ये गं, हा भोंगा जरा गप्प तरी बसेल!"

आता पोरं ऐकत होती, ताई. फोन खिशात गेले. माझ्या आयुष्यात कोणी एवढा वेळ माझं ऐकलेलं नाही, तू तर नाहीच. मला चढली. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

म्हटलं, सगळ्यात भारी काय सांगू? मशीन सुरू व्हायच्या आधीची शांतता. इमारत पूर्ण रिकामी, आत चिटपाखरू नाही. तेव्हा आत उभं राहिलं की ती श्वास घेताना ऐकू येते. जिने, खिडक्या, सगळं कुजबुजतं. तशी शांतता जगात कुठे नाही. पंधरा-वीस मिनिटं असते.

ताई, असं काही नसतं. म्हणजे शांतता असते, ती खरी. पण आत कोणी उभं राहत नाही. आणि पंधरा मिनिटं वगैरे नाहीच. मुकादम हात खाली करतो आणि मशीन सुरू. घोटभर पाणी पिण्याएवढा सुद्धा वेळ नसतो. मी ते रंगवलं. पोरांचे डोळे बघून रंगवलं.

सगळ्या शाळेतून माझ्या भाषणाने एकाच मुलाला प्रेरणा मिळाली, आणि तो माझाच भाचा निघाला. पाणी-बिस्किटं वाटताना तो मागच्या दाराने आत गेला. शांतता ऐकायला. पंधरा मिनिटं आहेत असं मामाने सांगितलं होतं ना. आई सांगत होती, त्याने तसंच म्हटलं, "मामा म्हणाला होता वेळ असतो."

आता हाक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे इमारतीला मशीन लावायच्या आधी हाक देतात. हे काम मुकादमचं. मालकाचे वडील होते तेव्हापासून तोच देतो. वरच्या मजल्यापासून खाली, प्रत्येक खोलीच्या दारात उभा राहतो आणि हाक घालतो, "आहे का कोणी? घर पडतंय, बाहेर या!" कधी भिकारी झोपलेला असतो, कधी कुत्रीने पिल्लं घातलेली असतात. पण झोपलेल्याला, प्यालेल्याला हाक ऐकू येतेच असं नाही. म्हणून मुकादमच्या मागे दुसरा माणूस असतो. तो प्रत्येक दार, प्रत्येक कपाट, प्रत्येक खोका हाताने उघडून बघतो. मुकादम विचारतो, "उघडलंस?" दुसरा म्हणतो, "उघडलं." मग पुढची खोली. सगळं झालं की बाहेर येऊन मुकादम समोरून एक शेवटची हाक देतो, सगळे गप्प उभे राहतात, उत्तर आलं नाही की हात खाली.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो. मुकादम म्हणाला, "हस. पण घराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

त्या दिवशी आम्ही वरून खाली आलो, मुकादमने विचारलं, मी म्हटलं उघडलं, झालं. बाहेर आलो.

पोरं लांब, मैदानाच्या टोकाला दोरीमागे. पुन्हा चुळबुळ सुरू झाली होती. भाषण संपून मशीन सुरू व्हायला वेळ लागला, आणि मी मिळवलेलं सगळं गळून चाललं होतं. परत फोन बाहेर. ती जांभई परत. मला वाटलं, काहीतरी व्हायला पाहिजे. नुसतं हळूहळू पाडून या पोरांना कोण पटवणार?

वरच्या प्रयोगशाळेतली बेसिनं आम्ही आधीच काढली होती. पाइप तेवढा भिंतीत राहिला होता. वरचं तोंड उघडं, खालचं तोंड मागच्या बाजूला उघडं. खाली बोललं की वर भिंत बोलते. शाळेत असताना या पाइपातून मी विज्ञानाच्या सरांना त्यांच्या नावाने हाका मारायचो. सर कपाटात बघायचे.

तर मुकादमने शेवटची हाक दिली. "आहे का कोणी?" सगळे गप्प. मी मागे सटकलो, पाइपाला तोंड लावलं आणि म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हटलं, "आहे... आहे रे बाबा... थांब जरा, चप्पल सापडत नाहीये."

मला वाटलं, मुकादम शिव्या घालेल, मशीनवाली खो खो हसेल, पोरं हसतील, आणि पाडकाम म्हणजे मजा असते असं वाटून दोन-तीन तरी नाव देतील. असा माझा हिशेब. करायला गेलो एक.

मुकादम हसला नाही. त्याचे कान मशीनशेजारी गेलेत, त्याला नुसतं ‘आहे’ ऐकू आलं, आणि लांब उभ्या बाकीच्यांनाही तेवढंच. त्याचं तोंड मी पाहिलं, ताई. आयुष्यभर तो रिकाम्या घरांना विचारत आला होता आणि पहिल्यांदा एका घराने उत्तर दिलं होतं. "मशीन बंद ठेवा! कोणी हलू नका!" आणि धावला. त्याचे गुडघे गेलेत, तो जिना बसत बसत उतरतो. तो माणूस धावत वर गेला.

मी ओरडणार होतो, की अहो मी होतो. शपथ. तोंड उघडलं आणि काय आलं? हसू. मशीनवालीने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड हाताने दाबलं.

मग तो खाली आला. किड्याला काखेत धरून. किडा नुसता लाकूड. ओठ हलत होते, शब्द नाही. आम्ही बाहेर काढू म्हणून कपाटात लपला होता, प्रयोगशाळेतल्या. नमुन्याच्या बाटल्या ठेवायचे ते कपाट. आणि पाइपाचं तोंड त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. त्याने मुकादमची हाक ऐकली होती, पण त्याला वाटलं होतं वेळ आहे, थोडं थांबू. मग शेजारी भिंतीत म्हातारा बोलला. त्यानंतर त्याला हलताच आलं नाही.

सगळ्यांना वाटलं, उत्तर किड्यानेच दिलं. आणि का वाटणार नाही? विचारलं ‘आहे का’, आतून आलं ‘आहे’, आत गेले तर होता. मुकादमने परत सगळी इमारत पालथी घातली, एकट्याने, कोणाला आत येऊ दिलं नाही. मग दुपारी पाडली. किड्याला तू घरी घेऊन गेली होतीस. त्याला वाचा फुटली तोपर्यंत इमारत नव्हती.

आता तो प्रश्न. पहिल्यांदा शोधली होती तेव्हा मी कुठे सापडलो.

हे पत्र मी इथे दोनदा बंद केलं. एकदा तर पाकिटात पण घातलं. मग वाटलं, नुसतं म्हातारा मी होतो एवढं सांगितलंस तर किडा मानायचा नाही. त्याला वाटेल मामा समजूत घालतोय. मामा नेहमीच काहीतरी फेकतो. तो परत विचारेल, मग मी का नाही सापडलो, आणि तू काय सांगशील? त्याला खरं उत्तर पाहिजे आणि ते माझ्याशिवाय कोणाकडेच नाही.

वरच्या मजल्यावर मी काहीच उघडलं नव्हतं.

दुसरा माणूस मी होतो, ताई. दारं उघडणारा. वरच्या मजल्यावर आदल्या दिवशी छत फोडलं होतं, प्रत्येक दारावर, कपाटावर चुन्याची पूड. पांढऱ्या शर्टाला चुना दिसत नाही म्हणशील, पण बाह्यांना गंज लागला असता, कोळिष्टकं लागली असती, आणि फोटो राहिले होते. मी हात पाठीमागे बांधून चाललो. नवरदेवासारखा. मुकादम दारात उभा राहून हाक देत होता, मागे न बघता विचारत होता, "उघडलंस?" आणि मी म्हणत होतो, "उघडलं." प्रयोगशाळेत पण. किडा कपाटात होता आणि मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा राहून म्हटलं, उघडलं. त्याने ते ऐकलं असणार. माझा आवाज तो ओळखतो. त्याने तुला हे सांगितलं नाहीये, बरोबर ना? मी तेव्हापासून याच एका गोष्टीचा विचार करतोय. बाकी सगळं सांगितलं आणि हे नाही.

त्याला खाली आणल्यावर मुकादमने मला बाजूला घेतलं. विचारलं, "प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं होतंस ना?"

मी म्हटलं, "उघडलं होतं. नंतर शिरला असेल."

तो म्हणाला, "मग माझंच चुकलं. मागचं दार मी लावून घ्यायला पाहिजे होतं." आणि जाऊन मालकाला तसंच सांगितलं. "हाक माझी, चूक माझी," म्हणाला.

वैताग बघ कसा आहे. मी तीन गाढवपणे केले. थाप मारली, दार उघडलं नाही, आणि पाइपात तोंड घातलं. पहिल्या दोघांनी तुझा पोरगा मेला असता. तिसऱ्याने वाचला. आणि मला हाकलून देतील ते तिसऱ्यासाठी! पहिल्यासाठी तर मोठ्या बाईंनी आभाराचं पत्र पाठवलंय, ‘अत्यंत प्रेरणादायी’. मालकाने ते चहाच्या टेबलाच्या वर चिकटवलंय. येता-जाता वाचतो, मोठ्याने.

आणि आता मुकादम ढिगाऱ्यावर बसून विटा साफ करतो. मालकाने त्याला म्हटलं, वय झालं, आता हाक दुसऱ्याला देऊ. त्याने मान हलवली. आणि हाक कोणाला दिली? विचार. मला! "भोंग्या, तुझा आवाज मोठा, पोरांनाही तू आवडतोस, तू तोंड आहेस आपल्या धंद्याचं." मंगळवारी पुढची इमारत आहे. माझ्या मागे कोण येणार दारं उघडायला, ते अजून ठरलेलं नाही. मालक म्हणतो, मुकादमच येईल.

काल मी मुकादमकडे गेलो. तो विटेवरचा चुना खरवडत होता. बाजूला बसलो.

"मुकादम, एक सांगायचं होतं."

"सांग."

"चहा घेणार?"

"हे सांगायचं होतं?"

"हो."

"आण मग."

आणला. त्याने घेतला. मी घरी आलो. असा मी शूर आहे.

तू म्हणतेस, किडा मोठा होऊन माझ्यासारखा होणार म्हणतो, आणि तुझं डोकं फिरतं. माझंही फिरतं. या पत्रातलं सगळं त्याला वाचून दाखव, कपाटाचं सुद्धा, मग तो तसं म्हणायचा नाही. पण एक सांगतो, रागावू नकोस. काम वाईट नाही, ताई. मी वाईट केलं. त्या दिवशी पोरांना मी जे भिंतीचं, विटांचं सांगितलं ते खरं होतं, फक्त ती पंधरा मिनिटं खोटी. उद्या त्याला खरंच यावंसं वाटलं तर अडवू नकोस, पण मुकादमसारखा हो म्हणून सांग.

उद्या सकाळी मालक साइटवर यायच्या आधी मुकादमला सांगणार आहे. चहा न विचारता. मला हसू आलं तरी सांगणार आहे. हाक त्याची त्याला परत मिळाली पाहिजे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. शर्टही परत देणार आहे, त्यावर एक डाग नाही.

पण तोपर्यंत, ताई, किड्याशिवाय कोणाला हे सांगू नकोस. भाऊजींना नको, ते तडक मालकाकडे जातील. आईला नको, ती शेजारी सांगेल आणि वर ‘बांधकामात असंच असतं’ म्हणेल. बाईंना तर अजिबात नको. मुकादमला हे दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तो मला शिव्या घालणार नाही, नुसती मान हलवेल आणि पुढची वीट घेईल, आणि ते मला सोसणार नाही. मला माझ्या तोंडाने सांगू दे. मी सांगेन. यावेळी खरं धर माझं. तू हवं तर आयुष्यभर माझा फोन उचलू नकोस, पण उद्या सकाळपर्यंत, तुझ्या पाया पडतो, कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस.

तुझा,
किड्याचा मामा